मावशीची कबर सापडत नाही, आईला काय सांगू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

एक वाचक भगिनी लिहितात की त्यांच्या आईचं वय ८१ आहे. आईच्या थोरल्या बहिणीने घरच्यांच्या मनाविरुद्ध एका ख्रिस्ती कुटुंबात लग्न केलं आणि आजोबांनी संबंध तोडले. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मावशी वारल्या. निरोप आला होता, पण आईंना जाऊ दिलं नाही. आता त्यांचा एकच ध्यास आहे, 'एकदा ताईच्या कबरीवर नेऊन आण.' या भगिनी आणि त्यांचे मोठे भाऊ त्या शहरातल्या दफनभूमीत जाऊन आले, सगळ्या ओळी फिरले, पण मावशींचं नाव कुठेच दिसलं नाही. तिथल्या माणसाने रजिस्टर चाळून 'नोंद नाही' असं सांगितलं. मावशींचे यजमानही हयात नाहीत. मुलं कुठे असतात ते ठाऊक नाही, आणि शोधलं तरी इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने बोलायचं, हा प्रश्न आहेच. भाऊ म्हणतात, आईची नजर आता अधू झाली आहे, नाव पुसलेल्या एखाद्या जुन्या कबरीपाशी नेऊ आणि 'हीच' म्हणून सांगू, तिला समाधान मिळेल. या भगिनींना ते पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही.

उत्तर:

तुमच्या दादांचा मला राग आला नाही, हे आधी सांगते. आईची रोजची तगमग बघवेनाशी झाली की माणसाला असं काहीतरी सुचतं. पण हे करू नका. तुम्ही जी कबर दाखवाल तीही कुणाची तरी असणार, तिच्यावरही कधीतरी कुणी फुलं घेऊन येणार. शिवाय ही थाप एकदा मारून भागणार नाही. आई पुन्हा जाऊया म्हणतील, नातवंडांना घेऊन जायचं म्हणतील, दगड नीट बसवून घ्या म्हणतील, आणि दर वेळी तुम्हा दोघांना ती गोष्ट सांभाळत बसावं लागेल. या दोघी बहिणींच्या मध्ये आजवर इतरांनीच पुष्कळ काही आणून ठेवलं आहे. त्यात आपली भर नको.

आणि तुमचा शोध संपला आहे असं मला वाटतच नाही. खरं तर तो नीट सुरू व्हायचा आहे. तुम्ही दोघांनी दगड शोधलात, दगडावरचं नाव शोधलंत. पण प्रत्येक कबरीवर दगड असतो असं थोडंच आहे? दगड बसवायला पैसे लागतात, आणि माणूस गेल्यावरच्या पहिल्या वर्षात घरात त्याहून निकडीचे खर्च असतात. लाकडी क्रूस लावला असेल तर ऊनपावसात काही वर्षांत कुजतो. दगड बसवला असेल तरी तो कलंडतो, पालथा पडतो, मातीखाली जातो. त्यामुळे कबर आधी कागदावर शोधायची आणि मग जमिनीवर. तुम्ही हे उलट्या क्रमाने केलंत, बहुतेक सगळेच करतात.

आता त्या 'नोंद नाही'कडे येऊ. हे दोन शब्द ऐकून कितीतरी लोक परत फिरतात. रजिस्टर चाळणाऱ्या माणसाने नेमकं काय पाहिलं, हे विचारलंत का? बहुतेक ठिकाणी दफनाचं रजिस्टर तारखेच्या क्रमाने भरलेलं असतं, नावांच्या नाही. तुम्ही 'चाळीसेक वर्षांपूर्वी' म्हणालात आणि त्याने एका वर्षाची पानं वरवर पाहिली असतील, तर 'नोंद नाही' याचा अर्थ 'या पानांवर, या नावाने मला दिसली नाही' एवढाच होतो. जुनं रजिस्टर भरलं की ते दफनभूमीच्या खोलीत राहीलच असंही नाही. कधी ते चर्चच्या कार्यालयात जातं, कधी धर्मप्रांताच्या अभिलेखागारात, आणि दफनभूमी नगरपालिकेची असेल तर तिच्या कार्यालयात. त्यामुळे पुढचा प्रश्न असा विचारा: 'त्या काळातली रजिस्टरं सध्या कुठे आहेत, आणि ती पाहायला परवानगी कुणाची लागते?'

तिथे जाण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात, तारीख आणि नाव.

तारखेसाठी आईंशी निवांत बसून बोला, पण 'कोणतं साल होतं?' असं विचारू नका. त्यावर बहुतेकांना उत्तर येत नाही. पावसाळा होता की थंडी, तेव्हा तुम्ही कोणत्या घरात राहत होता, तुमच्यापैकी कुणाची परीक्षा चालू होती का, कुणाचं बारसं किंवा लग्न जवळ आलं होतं का, असं विचारा. निरोप कसा आला, हेही विचारा. तार किंवा पोस्टकार्ड आलं असेल तर त्यावर शिक्का असतो, आणि असे कागद बायका वर्षानुवर्षं पेटीच्या तळाशी जपून ठेवतात. महिन्याभराच्या अंदाजापर्यंत पोचलात तरी पुष्कळ झालं. मग जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात शोध घेता येतो. तिथे एक लक्षात ठेवा: मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. मावशी शेवटी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात असतील तर नोंद त्या गावी सापडेल. दाखल्यावर दफनाचं ठिकाण असतंच असं नाही. अमेरिकेतल्या दाखल्यावर ते बहुधा असतं, इंग्लंडमधल्या दाखल्यावर नसतं. पण तारीख पक्की मिळते, आणि रजिस्टर उघडायला तीच लागते.

नावाच्या बाबतीत मात्र तुमचं गृहीतक मला जरा हलवायचं आहे. तुम्ही मावशींना माहेरच्या नावाने शोधलंत का? लग्नाआधी त्यांनी बाप्तिस्मा घेतला असेल तर त्यांना नवं नाव मिळालेलं असू शकतं, आणि चर्चच्या कागदांवर तेच असेल. आडनावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्यागणिक बदलतं. तेव्हा आधी त्यांच्या लग्नाची नोंद शोधा. कॅथलिक चर्चमध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका धर्मगुरूंच्या देखरेखीखालच्या स्थानिक चर्चला, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची रजिस्टरं ठेवावी लागतात, आणि दफन झाल्यावर मृतांच्या रजिस्टरमध्ये नोंद करावी, असं १९८३ च्या चर्च-कायद्याच्या ११८२ व्या कलमात सांगितलेलं आहे. विवाहाच्या नोंदीत मावशींचं त्या काळी वापरात आलेलं नाव मिळेल, यजमानांचं आडनाव कसं लिहीत ते कळेल, साक्षीदारांची नावंही मिळतील. कुटुंब प्रोटेस्टंट असेल तर त्यांच्या चर्चची रजिस्टरं वेगळी असतात, म्हणून कोणत्या चर्चचं कुटुंब होतं हे आधी ठरवून घ्या. एकाच शहरात वेगवेगळ्या पंथांच्या वेगवेगळ्या दफनभूमी असतात. तुम्ही फिरलात ती त्यांचीच होती, हे कुणी सांगितलं होतं, की तीच मोठी म्हणून गेलात?

यजमानांचाही शोध घ्या. मावशी आधी गेल्या असतील तर पुढे यजमानांना त्याच कबरीत ठेवलं असण्याची शक्यता पुष्कळ आहे. कुटुंबाची कबर असेल तर ती सासऱ्यांच्या नावावर असेल आणि दगडावर फक्त घराण्याचं आडनाव असेल. अनेक दफनभूमींत दोन प्रकारच्या नोंदी असतात. एक तारखेप्रमाणे, आज कुणाचं दफन झालं ती. दुसरी जागेप्रमाणे, अमुक क्रमांकाची कबर कुणाच्या नावावर आहे आणि तिच्यात आजवर कोण कोण आहे ती. रखवालदाराने बहुधा पहिलीच पाहिली असेल. दुसरी मागा. सोबत दफनभूमीचा नकाशा असेल तर तोही मागा. यजमानांचं दफन अलीकडचं, त्यामुळे त्यांची नोंद सापडणं सोपं, आणि कदाचित त्याच पानावर मावशी भेटतील.

समजा नोंद सापडली आणि तिच्यात विभाग, ओळ, कबर क्रमांक असं काही आहे. मग जमिनीवर या. क्रमांकाच्या छोट्या सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या खुणा कबरीच्या डोक्याशी किंवा पायाशी असतात, गवत बाजूला केल्यावर दिसतात. खुणा गेल्या असतील तर एक फार उपयोगी युक्ती आहे. रजिस्टरमधून मावशींच्या नोंदीच्या आधीची आणि नंतरची काही नावं उतरवून घ्या. एका ओळीत ओळीने दफनं होत गेली असतील, तर या शेजाऱ्यांपैकी ज्यांच्यावर दगड आहेत ते तुम्हाला सापडतील आणि मधली बिनदगडाची जागा कुणाची ते कळेल. कुटुंबाच्या कबरी या क्रमात मध्येच येतात आणि क्रम मोडतात, म्हणून एका शेजाऱ्यावर भिस्त ठेवू नका, दोन्ही बाजूंचे मिळाले तरच खात्री धरा. तिथली जमीनही पाहा. दफनाची माती पुढे बसते, म्हणून जुन्या कबरीच्या जागी लांबट खोलगटपणा राहतो. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो उभ्या उभ्या दिसतो, भर दुपारी पायाखाली असला तरी कळत नाही.

झिजलेली अक्षरंही तशीच वाचायची. दगडासमोर उभं राहून टॉर्च मारला तर काही दिसत नाही. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, बाजूने, पृष्ठभागावरून उजेड सरकेल असा धरा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि 'म' की 'न' ते कळतं. आरशाने ऊन वळवून घेतलं तरी तेच होतं. फोटोही त्याच उजेडात काढा. खडू, फेस, पीठ, तारेचा ब्रश, आम्ल यांतलं काहीही दगडाला लावू नका. जुना दगड आतून ठिसूळ झालेला असतो, एका घासण्यात उरलेली अक्षरंही जातात. मागची बाजूही पाहा. मजकूर वाटेच्या बाजूलाच असतो असं नाही.

इंटरनेटवर शोधायचं तर 'फाइंड अ ग्रेव्ह' हे १९९५ पासूनचं संकेतस्थळ आहे, आणि 'बिलियनग्रेव्ह्ज'वर दगडांचे फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशांसह असतात. दोन्हीकडे स्वयंसेवकांना 'या दफनभूमीतला अमुक दगड पाहून फोटो काढाल का' अशी विनंती करता येते. परगावी, परदेशी शोध घेणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे. 'फॅमिलीसर्च'वर चर्चच्या जुन्या रजिस्टरांच्या प्रतिमा विनामूल्य पाहता येतात. मात्र तिथे नाव नसणं हा कशाचाच पुरावा नाही. कुणी तरी जाऊन फोटो काढला तेवढंच तिथे आहे. घरातलं कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात असताना वारलं असेल, तर त्यांच्या वारसांनी थेट कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी पाहावी. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे सुमारे १७ लाख जणांच्या नोंदी आहेत, आणि कबर असेल तिथे विभाग, ओळ, क्रमांक सगळं मिळतं.

आता तुम्ही सगळ्यात शेवटी आणि अगदी ओझरतं लिहिलंत त्याविषयी. मावशींची मुलं. मला वाटतं, तुमच्या पत्रातली खरी अडचण ही आहे, आणि रजिस्टर, दगड हे सगळं तिच्याभोवती फिरण्याचे मार्ग आहेत. जागा त्यांना माहीत असणार. 'कोणत्या तोंडाने' हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारता, पण संबंध तुम्ही तोडले नव्हते. तोडले आजोबांनी, आणि आईंना तेव्हा कुणी विचारलंच नाही. तुमच्या त्या मावसभावंडांनाही कदाचित कधी कुणी सांगितलं नसेल की त्यांच्या आईची आठवण माहेरी रोज निघते. ते रागावतील, उत्तर देणार नाहीत, ही शक्यता आहेच, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण न विचारता ते नाहीच म्हणतील असं ठरवून टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

पत्ता नसेल तर पॅरिशच्या धर्मगुरूंना भेटा. ते पत्ता देणार नाहीत आणि देऊही नये, पण तुमचं बंद पाकीट कुटुंबापर्यंत पोचवाल का, असं विचारता येतं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, अनेक कॅथलिक कुटुंबं कबरींवर येतात. त्या सुमाराला रखवालदाराकडे चिठ्ठी देऊन ठेवली तर ती योग्य हातात पडू शकते. चिठ्ठी छोटी असू दे. जुन्या गोष्टींचं स्पष्टीकरण नको, कुणाचा बचाव नको. एवढं पुरे: 'मी तुमच्या आईच्या धाकट्या बहिणीची मुलगी. माझी आई ८१ वर्षांची आहे. तेव्हा तिला येता आलं नाही, याचं दुःख तिला आजही आहे. ताईच्या कबरीपाशी एकदा यावं अशी तिची इच्छा आहे. जागा कुठे आहे ते कळवाल का?' खाली फोन नंबर.

एका शक्यतेसाठी मन तयार ठेवा. जागा अपुरी असते, म्हणून जगात अनेक ठिकाणी कबर काही वर्षांनी पुन्हा वापरतात. सिंगापूरमध्ये १९९८ पासून दफनाची मुदत १५ वर्षांची आहे, जर्मनीत ती राज्याराज्यांत वेगळी, बऱ्याच ठिकाणी २० वर्षांच्या आसपास असते. मुदत संपल्यावर अवशेष त्याच जागी खोल ठेवतात किंवा अस्थी ठेवण्याच्या सामाईक जागी नेतात. मावशींच्या बाबतीत तसं झालेलं असेल तर दफनभूमीच्या कार्यालयाला विचारा की त्या काळातले अवशेष कुठे ठेवले. बहुतेक वेळा ती जागा दाखवता येते. हे आईंना सांगायचं का? हो, पण फोनवर किंवा दफनभूमीच्या फाटकात नाही, आधी, घरी, शांतपणे.

आणि काहीच हाती आलं नाही तर? तरीही दादांची वाट नको, कारण त्याहून चांगली वाट मोठमोठ्या दफनभूमींनी घालून दिलेली आहे. मघाशी उल्लेख केलेल्या कमिशनला महायुद्धांतल्या हजारो कबरींच्या नेमक्या जागा कळल्या नाहीत. त्यांनी अंदाजाने नावं वाटली नाहीत. दगड उभे केले आणि त्यांवर जेवढं माहीत तेवढंच लिहिलं: 'या दफनभूमीत दफन केल्याचं ज्ञात', 'या दफनभूमीत दफन असावं असा समज', 'या जागेजवळ दफन'. संगीतकार मोझार्ट १७९१ मध्ये व्हिएन्नाच्या सेंट मार्क्स दफनभूमीत पुरला गेला आणि त्याची कबर नेमकी कुठे ते कुणाला सांगता येईना. १८५९ मध्ये अंदाजाच्या जागी स्मारक झालं, १८९१ मध्ये ते उचलून शहराच्या मध्यवर्ती दफनभूमीत नेलं. लोक आजही सेंट मार्क्सला जातात, जागा अंदाजाची आहे हे माहीत असून जातात.

म्हणून आईंना एक प्रश्न विचारा, जो अजून कुणी विचारलेला दिसत नाही: तुम्हाला तिथे जाऊन काय करायचं आहे? फुलं ठेवायची आहेत, काही बोलायचं आहे, माफी मागायची आहे, की ताईच्या मुलांना एकदा बघायचं आहे? ८१ वर्षांच्या बाईला हे सगळं 'कबरीवर ने' एवढ्याच शब्दांत सांगावं लागत असेल. काही बोलायचं असेल तर 'ताई या भागात आहे, नेमकी जागा आम्हाला कळली नाही' एवढं खरं त्यांना पुरू शकेल. मुलांना बघायचं असेल तर कोणतीही कबर पुरणार नाही, खरी सापडली तरी.

जायचं ठरलं की आधी तुम्ही एकट्या जाऊन वाट पाहून या. दफनभूमीतली जमीन खालीवर असते, मऊ मातीत काठी रुतते. गाडी किती आतपर्यंत जाते, बसायला कुठे मिळेल, खुर्ची न्यावी लागेल का, ते बघा. दगड बसवण्याची घाई करू नका. कबरीवरचा हक्क ज्यांच्या नावावर ती आहे त्या कुटुंबाचा असतो. त्यांच्या संमतीशिवाय बहुतेक दफनभूमी परवानगी देत नाहीत, आणि देत असल्या तरी तुम्ही मावसभावंडांना न विचारता तो बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दादांना रजिस्टरच्या कामाला लावा. त्यांना आईसाठी काहीतरी करायचं आहे, ते त्यांच्या त्या भलत्या सूचनेतूनही दिसतं, आणि तारखेवार पानं उलटत बसायला दुसरं माणूस लागतंच: एकाने वाचायचं, एकाने लिहून घ्यायचं. पॅरिशच्या कार्यालयाकडून वेळ मिळायला काही दिवस जातील. धर्मगुरूंच्या हाती द्यायची चिठ्ठी मात्र आजच लिहा, म्हणजे पानं उलटायला जाल तोवर तिचं उत्तरही आलेलं असू शकेल.